एखाद्या औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, 24 तासांचा असेल, तर ते दोन दिवसांत शरीरातून पूर्णपणे जाते का?

नाही. पहिल्या 24 तासांनंतर निम्मे उरते, पुढच्या 24 तासांनंतर त्या निम्म्याचे निम्मे, म्हणजे पाव. साधारण पाच अर्धायुकाल उलटल्यावर जेमतेम 3 टक्के शिल्लक राहते आणि व्यवहारात तेव्हा औषध गेले असे धरतात. हाच हिशेब चढतानाही लागू होतो, आणि घरोघरी नेमका तो विसरला जातो: रोज गोळी घेत राहिल्यास आधीच्या शिलकीत भर पडत जाते आणि पातळी स्थिर व्हायलाही चार-पाच अर्धायुकाल लागतात.

माझ्या सासूबाईंना ऐंशीच्या घरात असताना झोपेसाठी डायझेपाम सुरू झाले. आरंभी सगळे ठीक होते. पुढे त्या सकाळी वर्तमानपत्र हातात धरूनच पेंगू लागल्या, बोलताना जीभ जड होऊ लागली, न्हाणीघराकडे जाताना भिंतीचा आधार लागू लागला. थोरल्या दिरांचे पालुपद एकच: रात्रीची गोळी सकाळपर्यंत उतरते, हे वयाचे आहे. वयाचे होतेच, पण ते म्हणत होते त्या अर्थाने नव्हे. डायझेपामचा अर्धायुकाल विशीत सुमारे 20 तास असतो, तो वाढत वाढत ऐंशीच्या सुमारास 90 तासांच्या आसपास जातो, कारण हे औषध चरबीत मुरते आणि उतारवयात शरीरातील चरबीचे प्रमाण वाढलेले असते. शिवाय यकृतात त्यापासून तयार होणारा पदार्थही गुंगी आणतो आणि मूळ औषधाहून जास्त काळ रेंगाळतो. म्हणजे रात्री एकच गोळी देऊनही पातळी दोन-तीन आठवडे चढतच राहणार. डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर गुंगी उतरायलाही वेळ लागला, आणि तेवढ्यात दीर "बघा, गोळी बंद करूनही फरक नाही" असे म्हणून मोकळे झाले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वृद्धांची गोळी किती वाजता द्यायची एवढेच विचारून दवाखान्यातून उठू नये. तिचा अर्धायुकाल किती आणि यकृत किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास तो किती लांबतो, हेही विचारावे. सुस्ती वयाच्या नावावर खपवण्याआधी गोळी कधी सुरू झाली ती तारीख पाहावी.

अर्थात, हे वाचून कोणी गोळी परस्पर थांबवू नये. बराच काळ घेतलेले डायझेपाम एकदम तोडल्यास झटके येऊ शकतात. आणि अर्धायुकाल म्हणजे परिणामाची मुदतही नव्हे: ॲस्पिरिन रक्तात 15-20 मिनिटांत निम्मे होते, पण त्याने निकामी केलेल्या प्लेटलेट्सच्या जागी नव्या यायला 7 ते 10 दिवस लागतात, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते थांबवल्याने रक्तस्रावाचा धोका टळत नाही.