भूगर्भाचा अभ्यास सुरू करताना

पृथ्वीच्या अंतरंगाविषयी तुम्ही नव्याने वाचू लागला आहात, म्हणून पहिली सूचना अशी की, प्रत्येक विधानापाशी थांबून ‘हे कशावरून ठरवले?’ असे विचारावे; कारण रशियातील कोला येथील अतिखोल विंधनविवरसुद्धा १२,२६२ मीटरवर थांबले, आणि केंद्र तर सुमारे ६,३७० किलोमीटर खोल आहे.

पाठ्यपुस्तकांत प्रावरण, म्हणजे वरचे कवच आणि मध्यभागचा गाभा यांच्यामधला जाड थर, लालभडक रंगवलेले असते. ते चित्र मनातून काढून टाकावे. प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन खडकाचे आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशेबात ते संथपणे वाहते.

खरा वेळ भूकंपलहरींना द्यावा. एखादा भूकंपालेख, म्हणजे भूकंपमापकाने उमटवलेली हादऱ्यांची नोंद, समोर ठेवून प्राथमिक लहर कुठे उमटली आणि तिच्यामागून दुय्यम लहर कुठे आली, हे स्वतः पेन्सिलीने खूण करून पाहावे. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि सुमारे २,९०० किलोमीटरखाली त्या पोहोचत नाहीत, यावरून बाह्य गाभा द्रवरूप असल्याचे मानले जाते. जिथे प्राथमिक लहरी पोहोचायला नकोत, अशा छायापट्ट्यात त्या क्षीणपणे नोंदल्या गेल्याचे पाहून डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये आतल्या गाभ्याची कल्पना मांडली.

गाभा लोखंड-निकेलचा आहे, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका आहे, आणि तो हलकेपणा गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन, कार्बन की हायड्रोजन यांपैकी कशामुळे, यावर अजूनही एकमत नाही.