मॅच न झाल्यावर दुसऱ्यांदा अर्ज: अमेरिकन रेसिडेन्सीची यादी कशी बांधावी

डॉक्टर, तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालचं सरकारी कॉलेज, अंतिम परीक्षा २०२१, इंटर्नशिप २०२२ मध्ये पूर्ण, स्टेप १ (अमेरिकेच्या वैद्यकीय परवान्याची पहिली परीक्षा) पहिल्या प्रयत्नात पास, स्टेप २ सीके (त्यातली दुसरी) २३६, अमेरिकेत एक महिना ऑब्झर्व्हरशिप (फक्त बघून शिकणं). गेल्या हंगामात इंटरनल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) १७० ठिकाणी अर्ज केले, २ इंटरव्ह्यू आले, मॅच (उमेदवार आणि रुग्णालय यांची जोडी लावणारी केंद्रीय पद्धत) झालं नाही. यंदा जुलै २०२७ च्या प्रवेशासाठी यादी २५० वर न्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

नेऊ नका. १७० अर्जांतून २ इंटरव्ह्यू याचा अर्थ बहुतेक ठिकाणी तुमचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचलाच नाही, आधीच्या फिल्टरमध्येच बाजूला पडला. तशाच ८० ठिकाणी आणखी पाठवून निकाल बदलत नाही. ७-८ इंटरव्ह्यू येऊनही मॅच झालं नसतं, तर दोष इंटरव्ह्यूत किंवा रँक लिस्टमध्ये शोधावा लागला असता आणि सल्ला वेगळा असता. तुमचं काम यादी गाळण्याचं आणि अर्जात काहीतरी खरोखर बदलण्याचं आहे. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी (अमेरिकेबाहेरच्या कॉलेजांचे पदवीधर) ५८ टक्क्यांना जागा मिळाली. म्हणजे रस्ता बंद नाही, पण शंभरातले बेचाळीस जण बाहेर राहिले, आणि त्यांच्यातही लांबलचक याद्या करणारे कमी नसतात.

आधी पैसे बघू. २०२४-२५ पासून इरासचा (अर्ज भरण्याची ऑनलाइन यंत्रणा) दर असा आहे: एका स्पेशॅलिटीत पहिल्या ३० प्रोग्रॅम्सना प्रत्येकी ११ डॉलर, ३१ व्यापासून प्रत्येकी ३० डॉलर. तुमच्या १७० अर्जांचे या दराने ४,५३० डॉलर होतात, २५० चे ६,९३०. शंभर अर्जांचे २,४३०. वाचलेल्या रकमेत स्टेप ३ ची फी निघते आणि अमेरिकेतल्या क्लिनिकल महिन्यालाही हातभार लागतो. तुमच्या अर्जाला बळ या दोन गोष्टींनी येईल.

आता गाळणी. एक एक्सेल शीट उघडा आणि प्रत्येक प्रोग्रॅमसमोर चार गोष्टी भरा: वायओजीची (पदवीच्या वर्षाची) अट, स्टेप २ चा किमान स्कोअर, व्हिसा, आणि सध्याच्या रेसिडेंट्समध्ये आयएमजी किती. पहिल्या तीनपैकी एक जरी अट तुम्ही पूर्ण करत नसाल तर ओळ लाल करून पुढे जा. 'अर्ज करून बघू, काय जातंय' हा विचार इथे महागात पडतो, कारण हे फिल्टर संगणक लावतो आणि त्याला तुमचं पर्सनल स्टेटमेंट दिसत नाही.

वायओजीकडे विशेष लक्ष द्या. तुमचं साल २०२१ धरायचं की २०२२, हे स्वतः ठरवू नका. ईसीएफएमजीच्या (परदेशी पदवी तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) नोंदीत जे आहे तेच सगळीकडे लिहा. इंटर्नशिप २०२२ मध्ये संपली असल्याने नोंद २०२२ ची असेल, तर ५ वर्षांची अट असलेल्या प्रोग्रॅम्समध्ये तुम्ही अगदी काठावर आहात. काही जण अर्जाच्या तारखेपासून मोजतात, काही जुलैच्या जॉइनिंगपासून. अशा ठिकाणी प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा नेमका ईमेल करा: पदवीचा महिना आणि साल लिहा, आपण पात्र ठरतो का एवढंच विचारा. सीव्ही जोडू नका. ३ वर्षांची अट असलेले प्रोग्रॅम आत्ताच काढून टाका. बाँडची ग्रामीण सेवा केली असेल तर ती अर्जात कामाचा अनुभव म्हणून नीट लिहा: प्राथमिक आरोग्य केंद्र, महिने, रोजच्या ओपीडीचं स्वरूप. पदवीनंतरचा काळ रिकामा दिसला तर ५ वर्षंही जास्त वाटतात. रुग्ण बघत घालवलेला दिसला तर तेवढी टोचत नाहीत.

व्हिसाच्या बाबतीत यंदाची यादी जे-१ वर (प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) बांधा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानुसार अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लागलं आहे, आणि सामुदायिक रुग्णालय एका इंटर्नसाठी ते भरेल असं गृहीत धरता येत नाही. संकेतस्थळावर 'आम्ही एच-१बी देतो' असं असलं तरी ते पान त्या आदेशाआधीचं असू शकतं. जे-१ वर प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे कॉनराड ३०, म्हणजे प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा आणि बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं काम. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

यादीचा खरा जीव चौथ्या रकान्यात आहे. फ्रीडा आणि रेसिडेन्सी एक्सप्लोरर या प्रोग्रॅम्सची माहिती देणाऱ्या दोन संकेतस्थळांवरून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. प्रत्येक प्रोग्रॅमच्या 'आमचे रेसिडेंट्स' पानावर जाऊन पीजीवाय-१, २ आणि ३ अशा तिन्ही वर्षांची मेडिकल कॉलेजं वाचा. तिन्ही वर्षांत भारतातल्या कॉलेजचे पदवीधर दिसत असतील तर ती सवय आहे. फक्त तिसऱ्या वर्षात असतील आणि पहिल्या वर्षात कुणीच नसेल, तर धोरण बदललंय असं धरा. आणखी एक बारकावा: आयएमजी म्हणजे सगळेच तुमच्यासारखे नव्हेत. कॅरिबियन कॉलेजमधून आलेले बरेच जण अमेरिकन नागरिक असतात, त्यांना व्हिसा लागत नाही. 'आयएमजी ८० टक्के' असं वाचून खूश होण्याआधी त्यातले व्हिसावाले किती, हे कॉलेजांच्या नावांवरून ताडा. एका प्रोग्रॅमला पंधरा मिनिटं लागतात. शंभरांचे पंचवीस तास. हे काम पैसे देऊन विकत घेतलेल्या तयार यादीवर सोपवू नका, त्या याद्या बहुधा गेल्या वर्षीच्या असतात.

भारतीय पदवीधर जास्त घेणारे सामुदायिक आणि विद्यापीठाशी संलग्न प्रोग्रॅम न्यूयॉर्क शहर (विशेषतः ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिन), न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ओहायो, इलिनॉय, कनेक्टिकट इथे दाट आहेत. तुमची निम्म्याहून जास्त यादी इथूनच यावी. कॅलिफोर्नियात नातेवाईक आहेत म्हणून तिथले वीस प्रोग्रॅम टाकू नका. मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रोग्रॅम २३६ आणि एका ऑब्झर्व्हरशिपवर जवळजवळ मिळत नाहीत. तिथे कुणी तुम्हाला ओळखत असेल तरच एखाद-दुसरा ठेवा.

निवडताना ट्रॅकही बघा. एनआरएमपीच्या (मॅच चालवणारी संस्था) कोडमध्ये शेवटी १४०सी० असेल तर तो तीन वर्षांचा कॅटेगोरिकल, १४०पी० म्हणजे एका वर्षाचा प्रिलिमिनरी. एकाच रुग्णालयाचे दोन्ही असतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो. प्रिलिमिनरीचं वर्ष संपल्यावर पुढची जागा नसेल तर जे-१ चा आधारही संपतो.

सिग्नल (प्रोग्रॅमला 'तुम्ही मला विशेष हवे आहात' असं अर्जासोबत कळवण्याची मोजकी संधी) हे दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याचं सगळ्यात मोलाचं हत्यार आहे. २०२४-२५ च्या हंगामात इंटरनल मेडिसिनला ३ गोल्ड (सर्वांत ठाम पसंती) आणि १२ सिल्व्हर होते, फॅमिली मेडिसिनला ५. यंदाचे आकडे उघडून पाहा, पण वाटणीचं तत्त्व तेच राहतं: गोल्ड तिथे, जिथे तुम्ही रोटेशन केलंय किंवा शिफारसपत्र देणारा डॉक्टर शिकवतो. सिल्व्हर तिथे, जिथे चारही रकाने हिरवे आहेत. स्वप्नातल्या प्रोग्रॅमवर सिग्नल खर्च करू नका. भौगोलिक पसंतीचे जास्तीत जास्त तीन विभाग सिग्नलशी जुळवा. मिशिगन आणि ओहायोत सिग्नल देऊन पसंतीत पॅसिफिक लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन्ही खोटे वाटतात.

दुसरी स्पेशॅलिटी म्हणून फॅमिली मेडिसिनचा गांभीर्याने विचार करा. शुल्काचे टप्पे स्पेशॅलिटीप्रमाणे वेगळे मोजले जातात. म्हणून ७० इंटरनल आणि ३० फॅमिली मिळून १,८६० डॉलर होतात, तर १०० इंटरनलचे २,४३०. मात्र पर्सनल स्टेटमेंट वेगळं हवं, किमान एक पत्र फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरचं हवं, आणि एकाच रुग्णालयात दोन्हीकडे अर्ज करू नका, छोट्या ठिकाणी दोन्ही विभागांचे लोक एकमेकांशी बोलतात. ग्रामीण सेवेचा अनुभव इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आता बदलाविषयी. गेल्या वर्षीच्या प्रोग्रॅम्सकडे तुमच्या जुन्या अर्जाची नोंद असू शकते. तोच मजकूर पुन्हा गेला तर उत्तरही तेच येईल. गेल्या वर्षीच्या यादीतले, सगळे निकष बसूनही न बोलावलेले प्रोग्रॅम ठेवायचे असतील तर नवं काय ते पहिल्या पानावरच दिसायला हवं. स्टेप ३ चा निकाल हा सर्वांत स्वच्छ बदल. ती परीक्षा ईसीएफएमजी प्रमाणपत्र मिळाल्यावरच देता येते आणि फक्त अमेरिकेतच होते. म्हणून बी-१/बी-२ व्हिसावरची एकच फेरी आखा: मे-जूनमध्ये इनपेशंट रोटेशन, त्यातून दोन ताजी पत्रं, जुलैच्या अखेरीस स्टेप ३. निकाल यायला आठवडे लागतात, आणि प्रोग्रॅम्स सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज उघडतात. ऑगस्टअखेरची तारीख घेतलीत तर निकाल उशिरा पोचण्याचा धोका आहे. स्टेप ३ ची तयारी अर्धवट असेल तर देऊ नका, नापासाचा शिक्का २३६ पेक्षा जास्त नुकसान करतो. प्रमाणपत्र पाथवेवरून (क्लिनिकल कौशल्याच्या पडताळणीचा पर्यायी मार्ग) घेतलं असेल तर त्यावरची वैधतेची तारीख आजच बघा.

फेब्रुवारीत सोपची (मॅचनंतर उरलेल्या जागांसाठीची फेरी) वेगळी शीट करून ठेवा. मॅचच्या आठवड्यात सोमवारी जागा न मिळाल्याचं कळतं आणि जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात. तुम्ही स्वतः फोन किंवा ईमेल करायचा नाही, प्रोग्रॅमकडून संपर्क येईपर्यंत थांबावं लागतं. भारतात रात्र असेल, म्हणून फोन चालू आणि इंटरनेटची दुसरी सोय तयार हवी. फॅमिली मेडिसिनचं स्टेटमेंट आणि पत्र आधीच अपलोड केलेलं असेल तर या ४५ मध्ये ते लगेच जोडता येतं. जागा मिळाली की जे-१ साठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' (या प्रशिक्षणाची देशाला गरज असल्याचं पत्र) लागतं. त्याची कागदपत्रं मार्चच्या आत फाईलमध्ये लावून ठेवा, कारण जुलैला फक्त तीन महिने उरलेले असतात.