फ्रान्समध्ये डोंगराळ भागात, जुन्या गावांमधून रोड बाईकवर फिरायचं तर कुठे जावं?

सरळ दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सातला ल्युबरों हा डोंगराळ भाग गाठा. डोंगराच्या कडेवर दगडी घरांचं गोर्ड, तिथून जवळच गेरूच्या लाल-पिवळ्या भिंतींचं रुसियों, चढ छोटे आहेत पण सारखे येत राहतात, त्यामुळे मागच्या चाकाच्या गिअर-संचात (कॅसेट) सगळ्यात मोठं चक्र ३२ दातांचं असू द्या, उगाच हिरोगिरी नको. मे नाहीतर सप्टेंबर बेस्ट, जुलैत सेनांक मठापुढचा लॅव्हेंडर भारी दिसतो खरा पण ऊन जाम भाजतं. दुपारी गावातली दुकानं बंद असतात, बाटली आधीच भरा (कारंज्यावर 'पोताब्ल', म्हणजे पिण्यायोग्य, लिहिलेलं असेल तरच; 'नों पोताब्ल' असेल तर नाही). आणि खाज असेलच तर बेदुआँ गावाहून मों व्हाँतू डोंगर चढा, २१ किमीत १६०० मीटर चढाई, मिस्त्राल (इथला उत्तरेकडून येणारा जोरदार वारा) सुटला असेल तर मात्र राहू द्या.