मुलगी डॉक्टर नाही, मग मेडिकलवाले पुरस्कार कशाला देतायत? (तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या मुलीने अमेरिकेत मेडिकल सायन्सच्या एका ग्रॅज्युएट स्कूलमधून पीएचडी केली, त्याला आता पंधरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिला मेल आला की यंदाचा माजी विद्यार्थी पुरस्कार तुम्हाला देतोय. आनंद आहेच, पण घरात वाद सुरू झालाय. माझे दीर म्हणतात ती काही डॉक्टर नाही, पेशंट तपासत नाही, मग मेडिकलवाले तिला कशाला बक्षीस देतील, हे नक्की फ्रॉड आहे. त्यांच्या मित्राला असाच कुठलातरी "रत्न" पुरस्कार जाहीर झाला होता आणि मग ट्रॉफीचे म्हणून पंचवीस हजार भरायला सांगितले. मुलीला विचारलं तर नुसती हसते. काय समजायचं आम्ही?
(एक आई, नाशिक)

उत्तर : आधी पेढे आणा, दिरांना नंतर बघू.

त्यांचा गोंधळ आपल्याकडे घरोघरी आहे हो. मेडिकल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे स्टेथोस्कोप येतो. पण तिकडच्या मोठ्या मेडिकल कॉलेजांच्या आवारात दोन वेगळ्या वाटा असतात, एक एमडीची, म्हणजे पेशंट बघणाऱ्यांची, आणि दुसरी पीएचडीची, म्हणजे पेशी, जंतू, जीन्स, औषधं यांच्यावर लॅबमध्ये काम करणाऱ्यांची, आणि या दुसऱ्या वाटेचं जे स्कूल असतं ते ग्रॅज्युएट स्कूल. तुमच्या मुलीला पुरस्कार देतंय ते हे. नावापुढे डॉक्टर दोघंही लावतात, फक्त विमानात कुणी चक्कर येऊन पडलं तर तुमच्या मुलीने हात वर करायचा नाही एवढाच फरक (ती याच्यावरच हसत असणार).

दिरांना कमल रणदिवेंबद्दल सांगा. पुण्याच्या, माहेरच्या समर्थ, जन्म १९१७ चा. वडिलांना वाटायचं मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, बाईंनी दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनला वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेतलं, एमएस्सीला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला, लग्न केलं ते गणितवाल्याशी. मग मुंबईला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरवर पीएचडी, १९४९ साली. तिथून जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये गेल्या, हे गाय म्हणजे ज्यांनी त्या प्रसिद्ध 'हिला' (HeLa) नावाच्या, लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या ते. परत येऊन मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, लॅब उभी केली, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. एकही पेशंट न तपासता. सीताफळापासून कॅन्सरपर्यंत! मला हा प्रवास फार आवडतो.

आता पैशांचं. खरा माजी विद्यार्थी पुरस्कार घ्यायला फी नसते, ट्रॉफीचे पैसे नाहीत, रजिस्ट्रेशन नाही, काही नाही. तरी खात्री करायचीच असेल तर मेल युनिव्हर्सिटीच्याच पत्त्यावरून आलाय का बघा, आधी कुणाकुणाला मिळाला त्याची यादी त्यांच्या साइटवर असते ती बघा, आणि मेलमधला नंबर सोडून साइटवरचा नंबर घेऊन मुलीला एक फोन करायला सांगा. देणगी मागणारी पत्रं मात्र येतील, आणि ती तहहयात येत राहतील, पण ती प्रत्येक माजी विद्यार्थ्याला येतात. पुरस्काराशी त्यांचा संबंध नाही.

आणि हे पुरस्कार आपोआप मिळत नाहीत हं. कुणीतरी नाव सुचवावं लागतं, त्याच्याबरोबर पत्रं जोडावी लागतात, मग कमिटी बसते. बऱ्याचदा हे सगळं गुपचूप चाललेलं असतं आणि ज्याचं नाव आहे त्यालाच पत्ता नसतो. तेव्हा मुलीला विचारा की तुझं नाव कुणी दिलं, तिचे गाइड असतील, जुना लॅबमेट असेल. त्या माणसाला आधी फोन करा, नातेवाईकांना नंतर.

पंधरा वर्षांनी कसा काय, असं वाटत असेल तर ते तसंच असतं. शिकताना मिळालेल्या मार्कांचं हे बक्षीस नव्हे, बाहेर पडून काय केलं त्याचं आहे, आणि ते दिसायला वेळ लागतो. आपल्या गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग, दोघं नागपूरचे एमबीबीएस, एमडी. १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून पब्लिक हेल्थची मास्टर्स केली, ते स्कूलही असंच, पेशंट तपासायला शिकवणारं नव्हे, अख्ख्या वस्तीचं आरोग्य कसं मोजायचं ते शिकवणारं. आणि मग गेले कुठे, तर गडचिरोलीला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत हे केलं, जिथे केलं नव्हतं अशा ४७ गावांशी तुलना केली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. हॉपकिन्सने त्यांना माजी विद्यार्थी म्हणून गौरवलं ते २०१३ साली. एकोणतीस वर्षांनी! त्यामानाने तुमच्या मुलीचं लवकरच झालं म्हणायचं.

जमत असेल तर तुम्हीपण जा समारंभाला. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आत्ताच बघा मात्र.

प्रश्न : आमच्या एमबीबीएसच्या बॅचला पन्नास वर्षं होतायत. मोठं गेट टुगेदर आहे, त्यात कॉलेजसाठी एक माजी विद्यार्थी पुरस्कार सुरू करावा असं ठरलंय आणि तेव्हापासून व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती भांडणं. कसा सुरू करावा?
(एक डॉक्टर, पुणे)

उत्तर : भांडणं आत्ता होतायत तेच बरं, नंतर झाली तर स्टेजवर होतात. मी एका कॉलेजच्या अशा समारंभाला गेले होते, नाव नको, तिथे पुरस्कार मिळाला तो नेमका त्या रात्रीच्या जेवणाचा खर्च उचलणाऱ्याला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणून पहिला नियम लिहूनच ठेवा, देणगीदाराचा सत्कार वेगळा, पुरस्कार वेगळा, शाल-श्रीफळाची हौस देणगीदारावर फेडा.

कमिटीत सगळे तुमच्याच बॅचचे नकोत, नाहीतर दहा वर्षं तुम्हीच एकमेकांना देत बसाल. दोन-तीन धाकट्या बॅचचे घ्या, एक अगदी बाहेरचा माणूस घ्या. पैसे एखाद्याच्या सेव्हिंग अकाउंटला ठेवू नका, ट्रस्टच्या नावाने एफडी करा आणि व्याजातूनच खर्च. आणि कुणी लायक नसेल त्या वर्षी द्यायचा नाही, हे छापील नियमात हवं, कारण ऐनवेळी ते म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

अजून एक, तुमच्यातल्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना राग येईल पण बोलते. पुरस्कार दरवेळी कार्डिऑलॉजिस्टलाच जातो. पीएसएमवाला (म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्यवाला), पॅथॉलॉजीवाली, तीस वर्षं प्रायमरी हेल्थ सेंटरला काढलेला, प्रॅक्टिस सोडून रिसर्चला गेलेली, यांची नावं कुणी सुचवतच नाही, आणि ते स्वतः तर सुचवणार नाहीतच. येल युनिव्हर्सिटीचं ग्रॅज्युएट स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक पदक आहे, विल्बर क्रॉस यांच्या नावाचं. हे क्रॉस इंग्रजीचे प्राध्यापक, मग ग्रॅज्युएट स्कूलचे डीन, आणि नंतर चक्क कनेक्टिकटचे गव्हर्नर. जॉन्स हॉपकिन्सने तर १९६७ ला सोसायटी ऑफ स्कॉलर्स काढली ती खास त्यांच्यासाठी, जे तिथे पोस्टडॉक (पीएचडीनंतर रिसर्चला आलेले) किंवा रेसिडेंट म्हणून येऊन गेले आणि नाव काढलं दुसरीकडे. म्हणजे तिथली डिग्री नसलेलेसुद्धा आपले मानले. तुमच्या कॉलेजात इंटर्नशिपपुरता आलेला कुणी असेल की असा.

प्रश्न : आमचे पीएचडीचे गाइड गेल्या वर्षी वारले. त्यांच्या जुन्या युनिव्हर्सिटीकडून त्यांना मरणोत्तर माजी विद्यार्थी पुरस्कार मिळावा अशी आम्हा विद्यार्थ्यांची इच्छा आहे. मिळतो का?
(एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. माणूस हयात हवा, काही ठिकाणी तर समारंभाला हजर हवा असाही नियम असतो. तरी त्यांच्या ऑफिसला विचारून घ्या, विचारायला काही जात नाही.

यल्लाप्रगडा सुब्बारावांचं असंच झालं. मद्रासला मेडिकल शिकताना खादी घालायचे म्हणून प्रोफेसर नाराज, एमबीबीएस न देता खालची डिग्री देऊन बोळवण केली. मग हार्वर्डला पीएचडी, १९३० ची. पुढे लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीत त्यांच्या टीमने मेथोट्रेक्सेट बनवलं, आज तुमच्या ओळखीत संधिवाताची कुणी ना कुणी व्यक्ती आठवड्यातून एकदा ती गोळी घेत असेल. गेले १९४८ ला. हार्वर्डच्या ग्रॅज्युएट स्कूलने माजी विद्यार्थ्यांसाठी सेंटेनियल मेडल सुरू केलं ते १९८९ ला, आणि आपल्या पोस्टाने सुब्बारावांचं तिकीट काढलं १९९५ ला.

पुरस्कार नाहीच जमला तर सरांच्या नावाने वर्षाला एक व्याख्यान सुरू करा, विद्यार्थ्यांनी मिळून वर्गणी काढली तर होतं. आणि सर ज्या लॅबमध्ये बसायचे तिथेच ठेवा ते, एसी हॉल नको.