बारा टक्क्यांनी कर्ज, पावणेपाच टक्क्यांनी बचत

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "माझी १४ फुटी उघडी अॅल्युमिनियमची बोट आहे. तिला ९.९ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायची मोटर) आहे, पण तिघं बसलो की बोट पाण्यावर उचलतच नाही. महिन्यातून दोन रविवार मासेमारीला जातो. नवी मोटर २० ची घ्यावी की ४० ची? विक्रेता म्हणतो, ४० चीच घ्या, नाहीतर पस्तावाल. २० टक्के रोख आणि बाकीचं पाच वर्षांचं कर्ज १२ टक्क्यांनी. सोबत १० वर्षांची बचत-विमा योजना आहे, तिच्या अर्जावर सही केली आहे, पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात जाईल. मुदतीअंती मोटरीच्या किमतीपेक्षा ३० टक्के जास्त हातात येतात, म्हणजे मोटर फुकटच पडते. शिवाय महिन्याचे चार रविवार बोट भाड्याने देऊन हप्ता निघेल. बोटीवरच्या पाटीवर कमाल २५ हॉर्सपॉवर लिहिलंय, पण विक्रेता ट्रान्सम (मोटर लटकते ती बोटीची मागची भिंत) मजबूत करून देणार आहे. रकमा कृपया छापू नका."

रकमा छापत नाही. ४० च्या मोटरीची किंमत १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्याच पटीत देतो. तुमच्या कोटेशनप्रमाणे २० ची मोटर ५५ ला आहे. घरखर्च महिन्याला ८, शिल्लक पडते महिन्याला अडीच, आणि बँकेत आहेत ६५.

मोटरीचं उत्तर पाटीवरच आहे, २५ च्या वर जायचं नाही. ट्रान्समला आतून फळी आणि ब्रॅकेट ठोकले म्हणून पाटीवरचा आकडा बदलत नाही. तो आकडा बोटीची लांबी-रुंदी, वजन पेलायची ताकद आणि वेगात वळताना ती कशी वागते यावरून ठरलेला असतो. ४० ची फोरस्ट्रोक मोटर शंभरेक किलोची, २० ची साधारण ५० ची. जादा ५० किलो अगदी मागच्या टोकाला लटकले की बोट मागून बसते, आणि गॅस एकदम सोडला की मागून आलेली स्वतःचीच लाट ट्रान्समवरून आत येते. वर विम्याची गोष्ट: पाटीपेक्षा मोठी मोटर लावलेली दिसली की कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

वजनाचा हिशेब करून बघा. बोट १३०, मोटर ५०, पेट्रोल टाकीसकट २२, सामान ४०, तीन माणसं २४०, एकूण ४८० किलोच्या आसपास. हलकी बोट प्लेनवर यायला, म्हणजे उचलून पाण्याच्या वरून घसरत जायला, दर हॉर्सपॉवरमागे २० ते २५ किलो हे ढोबळ माप चालतं. २० च्या मोटरीला २४ किलो पडतात, म्हणजे तिघांत काठावर आणि दोघांत आरामात. तिघं नेहमीच जाणार असाल तर २५ ची घ्या, १९ किलो पडतील. तुमच्या ९.९ ला आज जवळजवळ ४७ पडतात, म्हणून ती नाक वर करून पाणी ढकलत बसते.

४० ने वेग दुप्पट होईल ही आशाही सोडा. अशा बोटीत वेग ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. मोठी मोटर, बॅटरी धरून वजन ५५० वर जातं, आणि वेग फार तर एक तृतीयांशाने वाढतो. पूर्ण गॅसवर पेट्रोल मात्र दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.३५ ते ०.४ लिटर, म्हणजे २० ला सात-आठ लिटर, ४० ला १४ ते १६. एक मान्य करायला हवं, सारख्याच वेगाला मोठी मोटर दुप्पट पीत नाही. विक्रेता तसं सांगत असेल तर तेवढं खरं आहे. पण सारख्याच वेगाने जायचं असेल तर मोठी घ्यायचीच कशाला?

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याकडे. मोटर चुकली तर विकता येईल. तो सही केलेला अर्ज त्याहून महाग पडणार आहे.

त्या योजनेत वर्षाला १० असे दहा वर्षं भरायचे, शेवटी १३० मिळणार. "मोटर फुकट" हे वाक्य कोणी शोधून काढलं माहीत नाही, पण त्या १३० पैकी १०० तुमचेच आहेत. राहिलेल्या ३० चा वार्षिक परतावा निघतो पावणेपाच टक्के. त्याच वेळी तुम्ही ८० चं कर्ज १२ टक्क्यांनी फेडत असणार. एका खिशातून १२ टक्के द्यायचे, दुसऱ्या खिशात पावणेपाच घ्यायचे, आणि याला बचत म्हणायचं!

८० च्या कर्जाचा मासिक हप्ता १.७८, पाच वर्षांत सुमारे १०७ फेडाल, त्यात व्याज २७. योजनेचे वर्षाचे १० याच कर्जात भरलेत तर ते पाचऐवजी तीन वर्षांत फिटतं आणि व्याज १६ वर येतं. "योजना घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही" असं सांगितलं असेल तर कर्ज देणाऱ्याकडून ते लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा ही अट नाहीशी होते.

कर्जाचा हप्ता आणि योजना मिळून महिन्याला २.६ जाणार, तुमची शिल्लक आहे २.५. पेट्रोलचा पहिला लिटर टाकायच्या आधीच तुम्ही तोट्यात. त्यात ४० ची मोटर बहुतेक वेळा टिलरने (मोटरीलाच जोडलेल्या हाताच्या दांड्याने) न चालवता सुकाणूने चालवतात, म्हणून सुकाणू, कंट्रोल, केबल आणि बॅटरीचे साधारण १३ वेगळे. ते कोटेशनमध्ये दिसत नाहीत. ६५ मधून रोखीचे २०, योजनेचा पहिला हप्ता १० आणि हे १३ गेले की २२ उरतात. घरखर्चाचे तीन महिनेही नाहीत.

भाड्याचं म्हणाल तर महिन्यात रविवार साधारण चार. त्यातले दोन तुमचे मासेमारीचे, हे तुम्हीच लिहिलंय. उरले दोन, तेही चांगल्या हवेच्या आठेक महिन्यांत. एका रविवारचे तुम्ही धरलेले ०.७५ खरे मानले तरी वर्षाला १२ येतील, आणि बाहेर जातील ३१. शिवाय खासगी वापराच्या विम्यात भाड्याने दिलेली बोट सहसा बसत नाही. दर १०० तासांची सर्व्हिसिंग लवकर येईल, आणि अनोळखी माणूस मोटरीचा पंखा दगडावर घालणार हे गृहीत धरा.

करायचं ते असं. उद्याच अर्ज रद्द करण्याचं पत्र द्या, पोच घ्या आणि बँकेला हप्ता थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर पॉलिसीच्या कागदात परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बघा. सहा महिन्यांचा घरखर्च, ४८, बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. मोकळे उरतात १७. वर्षभराच्या शिलकीचे ३० त्यात आले की ४७. जुनी ९.९ विकून तुमच्या अंदाजाने १० येतील. ५५ ची मोटर पुढच्या वर्षी रोखीने घ्याल. २५ ची ठरली तर आणखी थोडे महिने.

तोवर जुनीच मोटर नीट वापरा. तुम्ही लिहिलंय की पूर्ण गॅसवर ती मिनिटाला ४६०० फेऱ्यांवर अडकते, आणि तिच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० हव्यात. म्हणजे पंख्याची पिच (एका फेरीत तो हिशेबाने जितका पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की १५० ते २०० फेऱ्या वाढतात, म्हणून दोन इंच कमीचा पंखा लावून बघा. पेट्रोलची टाकी पुढे नाळेकडे सरकवा. एकटे असाल तर बोट कदाचित उठेल, तिघांत नाही उठणार.

नवी मोटर मागवायच्या आधी ट्रान्समच्या मधोमध, वरच्या कडेपासून बुडापर्यंत टेप लावा. १५ इंचांच्या आसपास भरलं तर शॉर्ट शाफ्टची मोटर (शाफ्ट म्हणजे मोटरीचा खाली पंख्यापर्यंत जाणारा भाग), २० असेल तर लाँग. शॉर्ट शाफ्ट उंच ट्रान्समवर लावली की वळताना पंखा हवा ओढतो आणि मोटर नुसतीच ओरडते. उलटं केलं तर शाफ्ट नको तितकी खोल जाते आणि बोटीला मागे ओढत राहते. कोटेशनमध्ये शाफ्टची लांबी लिहिलेलीच नाही, तेवढी आधी लिहून घ्या.