तालमीची रेकॉर्डिंग ऐकायला फोन पुरेल की वेगळा प्लेयर घ्यावा?

ताई, तुमची मुलगी ख्याल शिकते, आठवड्यातून तीनदा डोंबिवलीहून दादरला तालमीला जाते. फोन आहेच, तरी दहा हजारांत वेगळा म्युझिक प्लेयर घेऊन द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घरच्यांचं म्हणणं, हातात फोन असताना कशाला? नुसती गाणी ऐकायची असती, तीही स्ट्रीमिंगवर, तर मीही घरच्यांच्याच बाजूने बोलले असते. पण तिला ऐकायचीत बाईंच्या तालमीची रेकॉर्डिंग. ती तिच्या स्वतःच्या फाइली आहेत, कुठल्याही ॲपवर मिळणार नाहीत. म्हणून माझं मत, घ्या. मात्र साधा, बटणांचा घ्या आणि दहा हजार मुळीच घालवू नका.

कारण सांगते. मी पंधरा वर्षं शिकतेय आणि याच लाइनवर रोज ये-जा करते. माझ्याकडे बिहाग रागाची ४७ मिनिटांची एक तालीम आहे. एकोणिसाव्या मिनिटाला बाई पंचमावरून (प) तीव्र मध्यमाला (चढा म) नुसतं शिवून गंधारावर (ग) येतात, मग शुद्ध मध्यम (साधा म) घेऊन परत गंधारावर. जेमतेम सहा सेकंद. ती जागा, म्हणजे सुरांची ती छोटी लकेर, मला शंभरदा तरी ऐकावी लागली. बऱ्याच साध्या प्लेयरमध्ये 'ए-बी रिपीट' असतं. सुरुवातीला एकदा बटण दाबायचं, शेवटी एकदा, की तेवढाच तुकडा फिरत राहतो. गर्दीत एका हाताने कडी धरलेली असताना दुसरा हात पर्समध्ये घालून, न बघता, अंगठ्याने हे जमतं. फोनवर व्हीएलसी नावाच्या ॲपमध्येही ही सोय आहे, वेगही कमी करता येतो, घरी बसून ते उत्तमच. पण गाडीत फोन बाहेर काढला की मेसेज दिसतो, मेसेज दिसला की तो वाचला जातो, आणि मनात धरलेली जागा सुटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे टाळता येईल असं मला वाटत नाही, मलाही जमत नाही.

रियाजाच्या वेळचं कारण याहून मोठं. फोनवर ॲपमधला तानपुरा लावलेला असतो. त्याच फोनवर तालमीचं रेकॉर्डिंग ऐकायला लावलं की बहुतेक वेळा तानपुरा थांबतो, कोणाचा कॉल आला तरी थांबतो. प्लेयर वेगळा असला की खोलीत तानपुरा चालू राहतो, एका कानाने बाईंची जागा ऐकायची आणि लगेच म्हणून बघायची. बाईंची आणि तिची पट्टी, म्हणजे गाताना धरलेला 'सा', एकच असेल तर हे सोनं आहे. पट्टी वेगळी असेल तर ऐकताना तानपुरा थांबवावाच लागेल, नाहीतर दोन षड्जांची, म्हणजे दोन 'सा'ची, गल्लत होते.

आता खरेदीचं. १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो दर) वगैरे लिहिलेल्या महागड्या प्लेयरच्या नादी लागू नका. साध्या सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर माणसाच्या कानाची मर्यादा, म्हणजे साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज, पूर्ण पकडतो. आणि तालमीची रेकॉर्डिंग तर सतरंजीवर ठेवलेल्या फोनवर झालेली असतात. १२८ केबीपीएसची एमपी३ भरपूर झाली. तासाला साठेक एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तास आरामात मावतात. कोणी नातेवाईक जुना आयपॉड देतो म्हणाले तरी नको म्हणा. २०२२ साली त्याचं उत्पादन बंद झालं, बॅटऱ्या थकलेल्या असतात आणि फाइल भरायलाही कॉम्प्युटरवर वेगळी खटपट करावी लागते.

वाचलेल्या पैशांतून कानात नीट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे वायरचे इअरफोन घ्या. यात मात्र काटकसर नको. गाडीच्या खडखडाटात ढिले इअरफोन असले की आवाज वाढवत जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मोठ्यांसाठीची मर्यादा आहे, आणि आवाज वाढला की ही वेळ झपाट्याने घटते. गाणाऱ्या मुलीचे कान आहेत, जपायलाच हवेत. रूळ ओलांडताना, प्लॅटफॉर्मवर चालताना इअरफोन काढायचे, हे तिला बजावून सांगा.

स्वस्त प्लेयरच्या काही खोडी आधीच माहीत असू द्या. फाइलीचं नाव देवनागरीत दिलं तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, म्हणून रोमन अक्षरांत आणि आधी तारीख घालून नाव द्या. पुष्कळ प्लेयर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलंच कार्ड वाचतात. ६४ जीबीचं कार्ड बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतं आणि ते दिसतच नाही, म्हणून ३२चंच घ्या. बाईंनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेली बंदिश ओपस नावाच्या फाइल-प्रकारात असते, तीही बऱ्याच स्वस्त प्लेयरवर चालत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसीने तिची एमपी३ करून घ्यायची.

रेकॉर्डिंग मात्र फोनवरच होऊ द्या, त्याचा माइक बरा असतो. फक्त दर रविवारी कार्डात आणि कॉम्प्युटरवर एकेक प्रत काढायची. २०१९च्या पावसात माझा फोन भिजला आणि दोन वर्षांची तालीम त्याच्याबरोबर गेली. त्यातल्या काही चिजा बाईंनी परत दिल्या. पण त्या दिवशी त्या ज्या मूडमध्ये गायल्या होत्या तसं पुन्हा कुठून येणार? अजून हळहळते.

दुकानात जाताना तिचीच पाऊण तासाची एक फाइल कार्डात घालून न्या. मध्यावर नेऊन प्लेयर बंद करायला सांगा आणि परत चालू करा. थांबला होता तिथूनच सुरू झाला तर घ्या. पहिल्यापासून लागला तर दुसरा दाखवा म्हणा, रोज गाडीत पंचवीस मिनिटं पुढे ढकलत बसणं तिला नको होईल.