कुत्रा बसून धापा टाकतोय तर सकाळची वाट बघू नका

"रात्रभर बसून राहतो, आडवा झाला की लगेच उठतो, मधूनच खोकतो, वयामुळे असेल का" हे तुम्ही तुमच्या कुत्र्याबद्दल लिहिलेलं वाचलं आणि पोटात गोळाच आला, आमच्याकडे अगदी असंच झालेलं. मी डॉक्टर नाही, पण मला हे वय वाटत नाही. कोपरं बाहेर, मान पुढे ताणलेली, श्वासाबरोबर पोट जोरात हलतंय असं असेल तर त्याला आडवं झाल्यावर श्वास पुरत नाहीये. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळते, मग फुप्फुसात पाणी साठतं.

आम्ही ज्या प्राण्यांच्या दवाखान्यात जायचो (नाव घेत नाही) तिथे फोनवर मी "खोकला" म्हटलं आणि काउंटरवरच्या बाईंनी पुढचं ऐकलंच नाही, सिरप चालू ठेवा, उद्या आणा. मी सांगतेय जीभ निळसर दिसतेय, तर होल्डवर! तसंच नेलं तर आधी फॉर्म, मग वजन, मग त्या धापा टाकणाऱ्या जिवाला एक्स-रेसाठी आडवा दाबून धरला. शेवटी दुसरीकडे पळवला, तिथे आधी ऑक्सिजन लावला, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे तो सावरल्यावर. वाचला, पण जे हाल झाले त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून फोनवर खोकल्यापासून सुरुवात करूच नका, मिनिटाला किती श्वास घेतो तो आकडा सांगा. गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक श्वास, पूर्ण मिनिट मोजा. ३० च्या आत हवा, परत परत वर जात असेल तर त्याच दिवशी दाखवा. तुमचा तर झोपतच नाहीये, मोजत बसू नका, निघा. हिरड्या पांढऱ्या, राखाडी किंवा निळ्या, किंवा चक्कर येऊन पडला तरी तेच. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर जीभ नाहीतर खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

नेताना गळ्यातला पट्टा काढा, हार्नेस ढिला ठेवा, त्याला हवा तसा बसू द्या, बळंच पाणी पाजू नका आणि घरातली माणसांची औषधं तर अजिबात नकोत (कुणीतरी सुचवेलच). श्वासाचा छोटा व्हिडिओ काढलात तर उत्तम, पण त्यासाठी थांबू नका. गाडीत बसता बसता फोन करून विचारा, डॉक्टर आत्ता हजर आहेत का, ऑक्सिजन आहे का. नाही म्हणाले तर वाद न घालता दुसरा नंबर लावा.